हिंगोलीत डिजिटल टीव्हीचा धंदा : पैसा कुठे आहे, खड्डा कुठे आहे

हिंगोली, वसमत, कळमनुरी, औंढा, सेनगाव, कुठल्याही बाजारपेठेत टीव्हीच्या दुकानात जाऊन उभं राहा. पूर्वी गिऱ्हाईक किती इंची आणि कितीला एवढंच विचारायचं. आता तिसरा प्रश्न ठरलेला असतो, ‘यूट्यूब चालतं ना?’ टीव्ही घरी येतो, भिंतीवर चढतो आणि मग लक्षात येतं की त्याला लागणारं इंटरनेट घरात नाहीच. मग पोराच्या मोबाइलचा हॉटस्पॉट लावायचा आणि दुपारपर्यंत दिवसभराचा डेटा संपवायचा. दुकानदारानं टीव्ही विकला, कंपनीला पैसे पोचले. त्यापुढचं काम मात्र कोणी अंगावर घेतलेलं नाही. तेच काम धंदा म्हणून कसं उभं करायचं, ते इथे पाहू.

चौघांना याचा उपयोग होईल. दर महिन्याला वसुली घटत चाललेला केबलचालक, आयटीआय किंवा पदविका करून पुण्या-संभाजीनगरची वाट धरायच्या बेतात असलेला तरुण, लग्नसराईत राबणारा आणि पावसाळ्यात बसून राहणारा कॅमेरावाला, आणि मोबाइल-इलेक्ट्रॉनिक्सचा दुकानदार. चौघांनाही एकच सांगणं आहे. नुसते चॅनेल विकून यापुढे पोट भरणार नाही. गिऱ्हाईक तीन गोष्टींना आहे : दोन्ही बाजूंनी चालणारी लाईन, ती लाईन चालू ठेवणारा माणूस, आणि हिंगोलीचंच काही दाखवणारा पडदा. आणि या गोष्टी याच क्रमानं उभ्या कराव्यात.

बदललं काय?

इंटरॅक्टिव्ह टीव्ही म्हणजे बघणाऱ्याला पडद्याशी व्यवहार करता येणं. हवं ते हवं तेव्हा लावायचं, प्रश्नाला उत्तर द्यायचं, मत नोंदवायचं, वस्तू मागवायची, पैसे भरायचे. कल्पना नवी नाही. टाटा स्काय २००६ मध्ये आलं आणि पुढे ‘अॅक्टिव्ह’ नावाखाली देवदर्शनापासून मुलांच्या खेळांपर्यंत बरंच काही रिमोटवर आलं. पण छतावरची छत्री उपग्रहाकडून घेते, उलट काही पाठवत नाही. प्रेक्षकाचं उत्तर दुसऱ्या वाटेनंच यायला हवं होतं. ‘कौन बनेगा करोडपती’नं २०१७ पासून घरबसल्या खेळायची सोय केली, तीही मोबाइलवर. पडदा मोठा, पण व्यवहार हातातल्या छोट्या पडद्यावर, ही रीत तेव्हापासून पडली. धंदा करणाऱ्यानं ती मनात पक्की धरावी.

केबलचं घोडंही इथेच अडलं. सरकारनं डिजिटल केबल चार टप्प्यांत सक्तीची केली. तिसऱ्या टप्प्यात, २०१५ च्या डिसेंबरअखेर, आपल्यासारखी लहान शहरं आली आणि चौथ्या टप्प्यात, मार्च २०१७ अखेर, खेडी आली. घरोघर सेट टॉप बॉक्स बसले, चित्र स्वच्छ झालं, चॅनेल वाढले. पण बहुतेक ठिकाणी वायर जुनीच राहिली आणि तिच्यातून प्रवास एकाच दिशेनं होत राहिला. त्याच काळात, सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि स्वस्त डेटा खिशात पोचला.

पुढचे आकडे बोलके आहेत. डिजिटल केबल कंपन्यांच्या संघटनेनं २०२५ मध्ये मांडलेल्या अहवालानुसार देशात पैसे भरून टीव्ही पाहणारी घरं २०१८ मध्ये १५.१ कोटी होती, ती २०२४ मध्ये ११.१ कोटींवर आली. २०३० पर्यंत ती ७ ते ८ कोटींच्या आसपास उतरतील असा त्यांचा अंदाज आहे. वरच्या थरातलं गिऱ्हाईक ओटीटीकडे गेलं, खालच्या थरातलं दूरदर्शनच्या फ्री डिशकडे. फ्री डिशला एकदा छत्री-बॉक्सचा खर्च केला की दरमहा काही नाही. केबलचालक या दोघांच्या मधे चेपला गेला.

पण केबलचालकाकडे एक गोष्ट अशी आहे की जी मुंबईच्या कुठल्याही ओटीटी कंपनीकडे नाही. त्याला गल्लीतलं प्रत्येक घर माहीत आहे, त्या घरात आत जाता येतं, आणि दर महिन्याला पैसे मागायचा त्याचा हक्क लोकांनी मान्य केलेला आहे. नवा धंदा या ओळखीवरच उभा करायचा.

पहिला धंदा : फायबरची लाईन

जुन्या तांब्याच्या केबलला वाटेत ठिकठिकाणी अॅम्प्लिफायर लागतात आणि प्रत्येकाला वीज लागते. गावची वीज गेली की टीव्ही इन्व्हर्टरवर चालू, पण सिग्नल गायब, हा अनुभव कोणाला नाही? फायबरच्या पॅसिव्ह जाळ्यात मधल्या वाटेवर वीज लागतच नाही. कंट्रोल रूममधलं ओएलटी यंत्र आणि घरातला ओएनयू, एवढ्या दोनच ठिकाणी लागते. लाईन २० किलोमीटरपर्यंत जाऊ शकते आणि ओएलटीच्या एका पोर्टवर स्प्लिटर लावून ६४ घरं जोडता येतात. काचेच्या तारेतून विजेचा लोळ येत नाही, त्यामुळे मृगाच्या पहिल्या कडकडाटात दहा बॉक्स जळाले असं होत नाही. आणि तांबं नसल्यानं तार चोरून भंगारात विकायलाही कोणी जात नाही. भारनियमन आणि विखुरलेली वस्ती असलेल्या आपल्या जिल्ह्याला हे तंत्र चपखल बसतं.

शत्रू आहेत ते वेगळे : रस्त्याच्या कामावरचा जेसीबी, वानरं, उंदीर, आणि सोयाबीन भरलेली उंच ट्रॉली. लाईन रस्त्यावरून नेताना उंची राखा. खोदकामाची आगाऊ खबर देण्यासाठी केंद्रानं मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे अॅप आणलं आहे. जमिनीखालून तार नेली असेल तर तिची नोंद तिथे व्हायला हवी, आणि गावातल्या जेसीबीवाल्यांचे नंबर आपल्या मोबाइलमध्ये असायला हवेत. अॅपपेक्षा दुसरी गोष्ट जास्त कामाला येते.

हे काम हाताचं आहे आणि शिकता येतं. तुटलेली तार जोडताना आधी वरचं आवरण सोलायचं, उघड्या काचेवरचा लेप काढायचा, अल्कोहोलनं पुसायचं, क्लीव्हरनं टोक काटकोनात कापायचं आणि दोन्ही टोकं स्प्लायसिंग मशीनमध्ये ठेवायची. यंत्र ठिणगी पाडून काच वितळवतं आणि पडद्यावर तोटा किती झाला ते सांगतं. त्यावर स्लीव्ह चढवून तापवली की जोड पक्का. काम संपलं असं मात्र इथे समजू नका. गिऱ्हाइकाच्या घरात पॉवर मीटर लावा. वजा १५ ते वजा २४ डीबीएमच्या दरम्यान आकडा आला तर निश्चिंत राहा. वजा २७ च्या पलीकडे गेला तर ओएनयूवर लाल दिवा लागणार आणि रात्री साडेआठला, मालिका ऐन रंगात असताना, फोन येणार. कापलेल्या काचेचे बारीक तुकडे डबीत गोळा करायची सवय पहिल्या दिवसापासून लावा. ते सतरंजीवर पडले तर दिसत नाहीत आणि लहान मुलाच्या पायात घुसतात.

या लाईनवरून इंटरनेट, टीव्ही आणि फोन असं तिन्ही देता येतं. बीएसएनएलनं २०२४ च्या अखेरीस फायबरवरून ५०० च्या वर चॅनेल देणारी आयएफटीव्ही सेवा काही राज्यांतून सुरू केली. खासगी कंपन्याही लाईनबरोबर ओटीटी जोडून विकतात. गिऱ्हाइकाला एकच माणूस, एकच बिल, एकच तक्रार नंबर हवा असतो. तो माणूस तुम्ही व्हा.

दुसरा धंदा : बसवणं, शिकवणं, दुरुस्ती

लाईन टाकायला भांडवल नसेल त्यानं इथून सुरुवात करावी. स्मार्ट टीव्ही भिंतीवर बसवणं, घरात वायफाय सगळीकडे पोचेल असं राउटर लावणं, जुन्या टीव्हीला परवानाधारक अॅप चालवणारी स्टिक जोडणं, आईवडिलांना रिमोट शिकवणं आणि मुलांसाठी पासवर्ड लावून देणं. यातल्या शेवटच्या दोन गोष्टींना कंपनीचा तंत्रज्ञ कधी थांबत नाही, आणि लोक मात्र त्यासाठीच पुन्हा बोलावतात.

राउटरचा छोटा यूपीएस ही आपल्याकडे हमखास खपणारी वस्तू आहे. ओएनयू आणि राउटर बहुधा १२ व्होल्टवर चालतात, म्हणून छोट्या बॅटरीवर दोन-चार तास निघतात. वीज गेली तरी मोबाइलवर नेट चालू राहिलं की शेजारचं घर आपणहून विचारायला येतं.

शाळा, दवाखाने, अडत दुकानं, मंगल कार्यालयं, लॉज यांच्याशी वर्षाचा देखभाल करार करा. औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला वर्षभर लोक येतात. तिथल्या मुक्कामाच्या जागांना वायफाय आणि खोलीतला टीव्ही दोन्ही हवेत. केंद्रानं २०२३ मध्ये मंजुरी दिलेल्या लायगो या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळेच्या प्रकल्पाचं कामही औंढा तालुक्यातच आहे. त्या निमित्तानं येणारा वर्ग वेगवान आणि न तुटणारं इंटरनेट मागणारा असेल. पण प्रकल्पाच्या भरवशावर आज कर्ज काढून बसू नका. गिऱ्हाईक राहायला आलं की लाईन ओढायला दोन दिवस पुरतात.

तिसरा धंदा : हिंगोलीचा पडदा

मालिका, सिनेमे, क्रिकेट यांत मोठ्या कंपन्यांशी टक्कर घेण्यात अर्थ नाही. त्या ज्याच्याकडे बघणारही नाहीत तो माल आपल्याकडे भरपूर आहे. हिंगोलीच्या रामलीला मैदानावरचा सार्वजनिक दसरा महोत्सव, औंढ्याची महाशिवरात्र, आषाढीनंतर नर्सी नामदेव इथे भरणारी परतवारीची यात्रा, गावोगावचे सप्ताह, कुस्त्यांचे फड, तांड्यांवरचे बंजारा सण. नर्सीचं प्रक्षेपण तर जिल्ह्याबाहेरही पाहिलं जाईल. संत नामदेवांची ६१ पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत आणि पंजाबातले भाविक नर्सीला येतात. ज्यांना येणं जमत नाही ते पडद्यावर पाहतील.

रोजच्या गरजेचा माल म्हणजे हळद. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे आणि हिंगोलीचा संत नामदेव मार्केट यार्ड हळदीसाठी नावाजलेला आहे. भाव मोबाइलवर कळतो हे खरं. पण आज कोणत्या प्रतीला काय भाव फुटला, ओलावा किती धरला, उद्या बाजार बंद आहे का, काट्यावर गाड्यांची रांग किती आहे, हे दाखवणारा दहा मिनिटांचा कार्यक्रम शेतकरी चुकवणार नाही. शेवटी एक प्रश्न विचारा आणि मिस्ड कॉलवर उत्तरं घ्या : ‘या आठवड्यात विकणार की थांबणार?’ इंटरॅक्टिव्ह टीव्हीची सुरुवात एवढ्या साध्या गोष्टीनंच होते. आलेली उत्तरं दुसऱ्या दिवशी दाखवा. आपलं मत पडद्यावर उमटलेलं दिसलं की माणूस रोज येतो.

केबलवर स्थानिक चॅनेल चालवायचा तर केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या नोव्हेंबर २०२२ च्या मार्गदर्शक सूचना वाचून घ्या. अशा चॅनेलला ‘प्लॅटफॉर्म सर्व्हिस’ म्हणतात आणि त्याची नोंदणी एमएसओच्या, म्हणजे स्थानिक केबलचालकाला सिग्नल पुरवणाऱ्या वरच्या केबलचालकाच्या नावानं होते, एका चॅनेलला १,००० रुपये शुल्क भरून. एमएसओला एकूण क्षमतेच्या ५ टक्क्यांपर्यंत असे चॅनेल चालवता येतात आणि त्याशिवाय प्रत्येक जिल्ह्यासाठी दोन जास्तीचे मिळतात. ही जिल्ह्याची तरतूद आपल्या कामाची आहे. एमएसओशी बोलताना तीच पुढे करा. पडद्यावर ‘प्लॅटफॉर्म सर्व्हिस’ असं लिहिलेलं असावं लागतं आणि ९० दिवसांचं ध्वनिचित्रमुद्रण जपून ठेवावं लागतं. स्थानिक बातम्या द्यायच्या असतील तर एमएसओ ही नोंदणीकृत कंपनीच असायला हवी. कार्यक्रम दुसऱ्या जाळ्याला वाटता येत नाही, मात्र देवस्थानांच्या थेट प्रक्षेपणाला यातून सूट आहे. औंढा आणि नर्सी डोळ्यांसमोर ठेवून हे कलम पुन्हा एकदा वाचा. देवस्थानाची लेखी परवानगी अर्थातच आधी हवी.

एवढं जमण्याआधी यूट्यूबवर हात बसवून घ्या. दोन कॅमेरे, एक स्विचर, नीट आवाज आणि दोन वेगळ्या कंपन्यांची सिमकार्डं एवढ्यावर थेट प्रक्षेपण होतं. आवाजावर खर्च करा. कीर्तन धूसर दिसलेलं चालतं, तुटक ऐकू आलेलं चालत नाही. यूट्यूबच्या जाहिरातीतला वाटा मिळायला १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तासांचं पाहणं लागतं, आणि पुढेही त्यातून येणारी रक्कम बेताचीच असते. खरं उत्पन्न प्रक्षेपणाच्या ठरलेल्या बिदागीत आहे : लग्नं, सप्ताह, शाळांची स्नेहसंमेलनं, पतसंस्थांच्या सभा. यूट्यूबवर बातम्या देणार असाल तर २०२१ चे डिजिटल माध्यमांचे नियम लागू होतात, तेही पाहून ठेवा.

आणि एक जुनी खोड सोडा. नवा सिनेमा कुठून तरी उतरवून रात्री केबलवर लावणं हा कॉपीराइट कायद्याखाली ६ महिने ते ३ वर्षं कैदेचा गुन्हा आहे. ‘सगळे चॅनेल फुकट’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बॉक्सचंही तेच. आज गिऱ्हाईक खूश होईल, उद्या पोलीस बॉक्सबरोबर दुकानही बंद करतील.

चौथा धंदा : जाहिरात आणि विक्री

हिंगोलीतला सराफ, कृषी सेवा केंद्र, शिकवणीवर्ग, दवाखाना आणि ट्रॅक्टरचा विक्रेता यांना मुंबईच्या चॅनेलची जाहिरात परवडत नाही आणि उपयोगाचीही नाही. त्यांना वसमत तालुक्यातली घरं हवी असतात. ती तुम्ही देऊ शकता. मात्र ‘इतक्या घरांत दिसेल’ असं सांगून पैसे मागू नका. ‘इतके फोन आले’ ते दाखवा. प्रत्येक जाहिरातीला वेगळा मिस्ड कॉल नंबर द्या आणि महिनाअखेर यादी जाहिरातदाराच्या हातात ठेवा. पुढच्या महिन्याची जाहिरात मागावी लागणार नाही.

पडद्यावर क्यूआर कोड दाखवायची फॅशन आहे, पण जरा मोजून पाहा. कोड जेवढ्या रुंदीचा, त्याच्या सुमारे दहापट अंतरावरून तो वाचला जातो. दहा फुटांवर बसलेल्या माणसाला तो फूटभर रुंद हवा. ३२ इंची टीव्हीच्या पडद्याची उंचीच जेमतेम १६ इंच असते. कोड मोठा केला तर जाहिरात दिसत नाही, लहान केला तर स्कॅन होत नाही. म्हणून नंबर मोठ्या अक्षरांत लिहा, दोनदा मोठ्यानं म्हणून दाखवा, आणि क्यूआर कोड दुकानाच्या काउंटरवर ठेवा. ज्यांचे नंबर जमा होतील ती माहिती त्यांच्या परवानगीशिवाय कोणाला विकू नका. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानं ती जबाबदारी तुमच्यावर टाकली आहे.

हिशेब मांडून पाहा

समजा, ३०० घरं आहेत. एमएसओशी वेगळा करार नसेल तर दूरसंचार नियामक ट्रायच्या नियमानुसार नेटवर्क क्षमता शुल्कात, म्हणजे सशुल्क चॅनेलखेरीज गिऱ्हाईक जोडणीसाठी दरमहा भरतं त्या रकमेत, एमएसओचा ५५ आणि स्थानिक चालकाचा ४५ टक्के वाटा असतो. या शुल्काची कमाल मर्यादा जुलै २०२४ मध्ये उठली. तरी हिशेबासाठी जुनेच १३० रुपये धरू. घरामागे ५८ रुपये ५० पैसे, म्हणजे ३०० घरांचे १७,५५० रुपये. सशुल्क चॅनेलच्या वाट्याचे थोडे वर. यातच पोराचा पगार, पेट्रोल, वीज आणि बुडीत.

आता त्याच ३०० पैकी फक्त १०० घरांनी ३९९ रुपयांचं ब्रॉडबँड घेतलं आणि निम्मा वाटा तुमचा धरला, तर जवळपास २०,००० रुपये होतात. एक तृतीयांश घरांत पूर्ण केबलपेक्षा जास्त. वाटा करारागणिक कमी-जास्त असतो, म्हणून तुमच्या करारातला आकडा घालून हिशेब पुन्हा करा. पण सरळ दिसतं ते एवढंच : केबलची घरं राखा आणि वाढ ब्रॉडबँडमध्ये शोधा.

खर्चात लोक तीन गोष्टी विसरतात. गिऱ्हाइकाला ‘फुकट’ दिलेला ओएनयू फुकट नसतो, त्याची अनामत घ्या. वरून घेतलेली बँडविड्थ संध्याकाळी ७ ते ११ या वेळेला पुरायला हवी, दुपारच्या चाचणीवर जाऊ नका. आणि वसुली. आपल्याकडे पैसा पिकाबरोबर येतो : सोयाबीनचा दिवाळीच्या आसपास, हळदीचा उन्हाळ्यात. शेतकरी घराला दरमहा पिच्छा पुरवण्याऐवजी सहामाही आणि वार्षिक प्लॅन त्या दोन हंगामांत विका, एखादा महिना जादा देऊन. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांचं घर चार-पाच महिने बंद असतं. त्यांची जोडणी तेवढा काळ थांबवा आणि त्या महिन्यांचे पैसे लावू नका. परतल्यावर ते तुमच्याकडेच येतील. उधारी लावून ठेवली तर मात्र गिऱ्हाईकही जाईल आणि ओएनयूही.

स्पर्धा मोठी आहे. २०२३ पासून जिओ आणि एअरटेल वायरविना घरगुती इंटरनेट देऊ लागले आहेत. त्यांचा दर तुम्ही पाडू शकणार नाही. तुमच्या हातात आहे ती तत्परता : सकाळची तक्रार दुपारी मिटवणं, मराठीत किंवा दखनीत फोन उचलणं, आणि टॉवरची रेंज पोचत नाही त्या वाड्या-तांड्यांवर तार नेणं.

कागदपत्रं

स्थानिक केबलचालकाची नोंदणी पूर्वी मुख्य टपाल कार्यालयात व्हायची. १७ जानेवारी २०२५ पासून ती ‘ब्रॉडकास्ट सेवा’ पोर्टलवर ऑनलाइन होते, ५ वर्षांसाठी मिळते आणि देशभर चालते. प्रक्रिया शुल्क ५,००० रुपये. मुदत संपण्याच्या किमान ९० दिवस आधी नूतनीकरणाचा अर्ज करावा लागतो. तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.

इंटरनेट स्वतःच्या नावानं विकायला दूरसंचार विभागाची परवानगी लागते. सुरुवातीला त्या भानगडीत न पडता परवानाधारक कंपनीचे किंवा बीएसएनएलचे भागीदार व्हा. केंद्रानं सप्टेंबर २०२३ मध्ये केबलच्या नियमांत बदल करून केबलचालकांना आपलं जाळं ब्रॉडबँड कंपन्यांबरोबर वाटून घ्यायची वाट मोकळी केली आहे. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेणाऱ्या भारतनेटच्या सुधारित योजनेलाही ऑगस्ट २०२३ मध्ये सुमारे १.३९ लाख कोटी रुपयांची मंजुरी मिळाली असून तिच्यात गावपातळीवरच्या उद्योजकामार्फत घरोघर फायबर द्यायचा भाग आहे. आपल्या ग्रामपंचायतीत भारतनेटची पेटी बसली आहे का आणि ती चालू आहे का, हे स्वतः जाऊन पाहा.

खांबांचा विषय हलका समजू नका. महावितरणच्या खांबावर परवानगीशिवाय तार बांधणं बेकायदा तर आहेच, जिवावरचंही आहे. नगरपरिषद, नगरपंचायत किंवा ग्रामपंचायतीची लेखी परवानगी घ्या, शक्य तिथे स्वतःचे खांब उभारा. वार्षिक उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी लागते, आणि या सेवांवर दर १८ टक्के आहे. प्लॅनची किंमत सांगताना करासह सांगा.

एमएसओशी किंवा इंटरनेट कंपनीशी तोंडी बोलीवर काम करू नका. करारात चार गोष्टी शोधा : वाटा किती आणि कोणत्या तारखेला मिळणार, बॉक्स व ओएनयू कोणाच्या मालकीचे, टाकलेली तार कोणाची, आणि करार मोडला तर गिऱ्हाइकांची यादी कोणाची. एमएसओला सिग्नल तोडायचा असला तरी तीन आठवड्यांची लेखी नोटीस द्यावी लागते. वाद चिघळलाच तर दाद मागायला टीडीसॅट हे न्यायाधिकरण आहे. तिथे तोंडी शब्दाला किंमत नाही, पावतीला आहे.

भांडवल

जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन पंतप्रधान रोजगार निर्मिती आणि मुख्यमंत्री रोजगार निर्मिती या दोन्ही योजनांची चौकशी करा. पंतप्रधान योजनेत सेवा उद्योगाला २० लाखांपर्यंतचा प्रकल्प धरला जातो. ग्रामीण भागात अनुदान सर्वसाधारण गटाला २५ टक्के, तर महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग, अल्पसंख्याक आदींना ३५ टक्के. चालू वर्षाचं उद्दिष्ट शिल्लक आहे का ते आधी विचारा. छोट्या कामाला मुद्रा कर्ज पुरतं : शिशु गटात ५० हजार, किशोर गटात ५ लाखांपर्यंत. अनुदान आलं तर बोनस समजा. हप्ता मात्र अनुदानाशिवाय फिटेल असाच प्रकल्प मांडा.

पहिलं वर्ष असं काढा

पहिले दोन महिने काहीही विकत घेऊ नका. ज्याचं काम चांगलं चाललं आहे त्याच्याकडे, जमल्यास दुसऱ्या तालुक्यात, हाताखाली राहून जोड आणि मोजमाप शिका.

मग एका पोर्टपुरती, म्हणजे ६४ घरांची एकच गल्ली किंवा एकच गाव निवडा. घरं जवळजवळ असलेलं आणि कोणाकडे नोकरीचा, कोणाकडे दुकानाचा पैसा असलेलं गाव बघा. निम्म्या घरांनी आगाऊ अनामत दिल्याशिवाय ओएलटी घेऊ नका. स्प्लायसिंग मशीन सुरुवातीला भाड्यानं मिळते, पॉवर मीटर मात्र स्वतःचा घ्या.

सहा महिन्यांनी तक्रारवही उघडा. एकच दोष पुन्हा पुन्हा दिसत असेल तर आधी तो मिटवा, दुसरी गल्ली थांबू द्या. वही कोरी पडायला लागली की स्थानिक कार्यक्रमाला हात घाला, आणि तोही आठवड्यातून एकच, ठरल्या वेळी. अॅप, स्टुडिओ आणि ड्रोन यांची खरेदी दुसऱ्या वर्षावर टाका. या धंद्यात बुडालेले बहुतेक जण पडद्यापासून सुरुवात करून तारेकडे येणारे असतात.

जिल्ह्याच्या लोकसंख्येचा आकडा २०११ च्या जनगणनेत पावणेबारा लाखांचा होता, आणि त्यातली बहुतेक माणसं खेड्यांत राहतात. पाच तालुक्यांच्या या खेड्यांत घरोघर जाऊन तार जोडायला बाहेरची कंपनी माणसं पाठवणार नाही. ती इथलाच माणूस शोधेल. तेव्हा येत्या रविवारी एक वही घ्या आणि आपल्या गल्लीतल्या प्रत्येक घरापुढे तीन रकाने भरा : टीव्ही कोणता, नेट कशावर, महिन्याला किती जातात. ती वही भरली की धंदा करायचा की नाही, हे तिच्यातले आकडेच तुम्हाला सांगतील.